पाच मिलिसेकंदांत किती इथेनॉल मावतं

गाडी दोन सीटची, तीन लिटरची. एका रांगेत सहा सिलिंडर, एक टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणं), रेलचं, म्हणजे इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीचं, ठरलेलं प्रेशर ३५० बार. ट्यूनिंगनंतर क्रँकला सुमारे ४३० हॉर्सपॉवर. नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात आम्ही ती पुण्यात इथेनॉलच्या वाढीव मिश्रणावर आणली. निघालो होतो ई८५ च्या, म्हणजे इंधनात ८५ टक्के इथेनॉलच्या, इराद्याने, थांबलो ई५० वर. ई५० ला का थांबावं लागलं ते आकड्यांसकट लिहितो. हे काम हाती घेणाऱ्याला सगळ्यांत आधी टर्बो आणि मॅप (इंजिनाच्या कंट्रोलरमधली सेटिंग) सुचवले जातात, आणि गाडी अडते ती इंधन पोचवण्यात.

आधी कागद. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणून मुद्दाम त्यानंतरचा सोमवार धरून २५ तारखेला संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो. सोबत आर.सी., विमा आणि करायच्या बदलांची एक पानभर यादी. उत्तर स्पष्ट मिळालं. आर.सी.वर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. वेगळ्या इंधनासाठी बदल करायचाच तर मंजूर किट हवं आणि त्याची आर.सी.वर नोंद हवी. सीएनजीला जसं असतं तसं. आमच्या इंजिनासाठी असं किट नव्हतं. कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे त्याच दिवशी ठरलं की ही गाडी रस्त्यावर धावणार नाही. गॅरेज ते डायनो (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) आणि डायनो ते बंद धावपट्टी, सगळा प्रवास फ्लॅटबेडवर. एका फेरीचे ३,५०० रुपये पडत होते आणि अशा सात फेऱ्या झाल्या. विमा कंपनीलाही ईमेल केला. अकराव्या दिवशी लेखी उत्तर आलं की या बदलांमुळे झालेलं नुकसान पॉलिसीत बसणार नाही. उत्तर आवडलं नाही, पण ते हातात असलेलं बरं.

इंधनाचंही तसंच. पुण्यात ई१०० विकायचा पथदर्शी प्रकल्प ५ जून २०२१ ला तीन पंपांवर सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर ते आलं. जाण्याआधी फोन करून टाकीत माल आहे का ते विचारा, हेलपाटा वाचतो. नाव ई१०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३ ते ९३.५ टक्के असतं, पेट्रोल ५ टक्के आणि बाकी सहद्रावक. हिशेब ९३ धरूनच करायचा. पेट्रोल मिसळलेलं असल्यामुळे साठवणुकीला पेट्रोलियम कायदा १९३४ लागू होतो. परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लॅस्टिकचा कॅन चालत नाही. इथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि साधा फोम तिच्यावर विरघळून जातो. ड्राय पावडर किंवा अल्कोहोलवर चालणाऱ्या फोमचा सिलिंडर जवळ ठेवल्याशिवाय आम्ही एकही डबा उघडला नाही.

आता मूळ हिशेब. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त घालावं लागतं. घनता धरून लिटरमध्ये मांडलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० ला साधारण साडेसात टक्के जास्त द्रव लागतो, ई४० ला १६, ई५० ला २१, ई६० ला २७ आणि ई८५ ला जवळपास ४३ टक्के. परदेशातले अनुभव वाचताना इथेच घोटाळा होतो. तिथली सुरुवात बहुधा ई१० पासून असते. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्येच वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं. म्हणजे कारखान्यातून निघताना इंधन यंत्रणेत जी ढील ठेवलेली असते, तिच्यातली काही पुण्यातल्या पंपावर आधीच खर्च झालेली असते.

पंपावर नेमकं किती आहे ते घरी तपासता येतं. १०० मिलीच्या काचेच्या मोजनळीत १० मिली पाणी घ्या, त्यावर ५० मिली पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं उभं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. आमचा थर १० वरून १९ वर गेला. ५० मिलीत ९ मिली, म्हणजे १८ टक्के. मिश्रणाचा हिशेब याच आकड्यावर केला. चाळीस लिटर ई४० साठी ई१०० लागलं पावणेबारा लिटर, ई५० साठी सतरा आणि ई६० साठी साडेबावीस. आधी इथेनॉल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. खात्रीसाठी टाकीपासून इंजिनावरच्या पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये इथेनॉल सेन्सर बसवला, फिटिंगसह १४,००० रुपये. तो ५० हर्ट्झला शून्य टक्के आणि १५० हर्ट्झला शंभर टक्के दाखवतो, त्यामुळे मीटरवर ६८ दिसलं की १८ टक्के समजायचं. १५० च्या बराच वर आकडा गेला तर इंधनात पाणी आहे किंवा सेन्सर बिघडलाय.

शनिवारी, ७ डिसेंबरला पंपावरच्या साध्या इंधनावर डायनो केला. एका सत्राचे ९,००० रुपये. डायनोवर फक्त हॉर्सपॉवर बघून परत येणारे पुष्कळ असतात. तो आकडा सगळ्यांत कमी कामाचा. लॉगमध्ये हे रकाने हवेतच: इंजिनाचे मिनिटाचे फेरे, कमी दाबाच्या लाइनचं प्रेशर, रेलचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर, इंजेक्शनचा वेळ मिलिसेकंदात, इंजेक्शन कुठे संपतं तो कोन, लॅम्डा (असलेलं हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण जळायला लागणारं प्रमाण), प्रत्येक सिलिंडरचं नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) आणि हाय प्रेशर पंपाच्या व्हॉल्व्हला जाणारा हुकूम. शेवटचा रकाना बहुतेक जण घेत नाहीत. रेलचं प्रेशर अजून बरोबर दिसत असतं, पण व्हॉल्व्हचा हुकूम शेवटाला टेकलेला असतो. म्हणजे पंप पूर्ण ताकदीने चाललाय, हातात काहीच शिल्लक नाही.

दुसरी सूचना लॅम्डाची. डायनोचा मीटर हवा-इंधन प्रमाण पेट्रोलच्या मापात दाखवतो. तिथे १२.५ दिसलं तर लॅम्डा ०.८५ एवढंच खरं. ई४० वर त्याच लॅम्डाला खरं प्रमाण साडेदहाच्या आसपास असतं. प्रमाणात बोलायला लागलं की दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. आम्ही पहिल्या दिवसापासून फक्त लॅम्डात बोललो.

त्या दिवशीची ओळ: ६,५०० फेरे, कमी दाब ५.५ बार, रेल ३४७, इंजेक्शन ४.४ मिलिसेकंद, लॅम्डा ०.८६, चाकांवर ३५२ हॉर्सपॉवर. इंधन तासाला अंदाजे १३३ लिटर. हीच ओळ पुढे सहा महिने सगळ्या मोजमापांची फूटपट्टी झाली.

या १३३ लिटरच्या वाटेत तीन दारं आहेत. टाकीतला पंप, इंजिनावरचा हाय प्रेशर पंप, आणि इंजेक्टरला मिळणारा वेळ. कोणतं दार आधी अडतं ते कळल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नका. सगळ्यांच्या तोंडी नाव असतं ते मधल्या दाराचं, कारण तोच भाग सगळ्यांत महाग. आमचं पहिलं दार अडलं ते टाकीत.

२१ डिसेंबरला ई४० भरून पुन्हा डायनोवर गेलो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, तेवढाच ठेवला, फक्त इग्निशन (ठिणगीची वेळ) थोडं पुढे घेतलं. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. इंधन हवेवर ठरतं. बूस्ट न वाढवता इग्निशन पुढे नेऊन मिळवलेली ताकद जादा इंधन मागत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. थेट सिलिंडरमध्ये फवारलं की आतली हवाच थंड होते. हा फायदा आधी घ्यावा, बूस्टला हात नंतर लावावा. पण तिथवर पोचलोच नाही. ५,२०० फेऱ्यांपासून कमी दाब ५.५ वरून घसरत ३.४ वर आला. त्याच्या पाठोपाठ रेल ३५० वरून २८० वर आणि लॅम्डा ०.८६ वरून ०.९३ वर. ट्यूनरने तिथेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. पूर्ण बूस्टवर मिश्रण पातळ होताना स्क्रीनवर बघणं फार वाईट असतं. पिस्टन वितळायला दोन-तीन सेकंद पुरतात.

लॉगमध्ये क्रम बघायचा. आधी कमी दाब पडला, मग रेल. हाय प्रेशर पंपाला खालूनच पुरेसं मिळत नसेल तर आत बाष्पाचे बुडबुडे होतात आणि तो रिकामे घोट घेतो. तेवढा लॉग बघून लाख-सव्वालाखाचा नवा हाय प्रेशर पंप बसवला असता तर त्यानेही तेवढेच रिकामे घोट घेतले असते.

टाकीचं झाकण उघडलं. भार असताना मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर १२.१. पावणेदोन व्होल्ट बारीक वायरमध्ये आणि जुन्या कनेक्टरमध्ये जात होते. पंपाचा वेग व्होल्टवर चालतो, त्यामुळे नुसत्या वायरिंगनेही बराच फरक पडतो. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची वायर, रिले, २० अँपिअरचा फ्यूज आणि टाकीच्या झाकणात इथेनॉल चालणारं सीलबंद कनेक्टर घातलं. पंपावर १३.५ व्होल्ट मिळू लागले. सोबत इथेनॉलसाठीच बनवलेला मोठा पंप बसवला. डब्यावर लिहिलेला ४५० लिटरचा आकडा तीन बारच्या आसपासचा असतो. साडेपाच बारला तो बराच खाली येतो, म्हणून त्या दाबाचा आलेख बघितल्याशिवाय पंप घेऊ नका. उगाच फार मोठाही घेऊ नका. न वापरलेलं इंधन फिरून टाकीत येतं आणि तापतं. आम्ही टाकी एकतृतीयांशाच्या खाली जाऊ देत नाही. या दाराचा खर्च ४६,००० रुपये, काम ४ जानेवारीला पुरं झालं.

११ जानेवारी, ई४०. कमी दाब ५.४ वर स्थिर, रेल ३४२, इंजेक्शन ४.८ मिलिसेकंद, चाकांवर ३७१. बूस्ट तेवढाच. डायनोच्या खोलीत कुणी काही बोललं नाही, सगळे त्या एका आडव्या रेषेकडे बघत होते. इतकी सरळ रेषा आम्ही तोवर पाहिली नव्हती. पण व्हॉल्व्हचा हुकूम टोकाला होता. दुसरं दार तिथे होतं.

ते दार कागदावर आधीच दिसलं होतं. जुना पंप सोडवून मापलं होतं: पिस्टन ९ मिमी, कॅमचा उचल ४.५ मिमी, कॅमला तीन उंचवटे. एका घोटाला २८६ घन मिमी. ६,५०० फेऱ्यांना कॅम ३,२५० फिरतो, म्हणजे मिनिटाला ९,७५० घोट, कागदावर तासाला १६७ लिटर. पंपाची भरण्याची कार्यक्षमता एवढ्या दाबाला आणि वेगाला ८७ टक्के धरली तर १४५. ई४० ची मागणी १४३. ई५० ची १४९, ई६० ची १५६ आणि ई८५ ची १७६. आमचा लॉग आणि हा हिशेब इतके जुळले की पुढचा निर्णय घेताना शंका उरली नाही. तुमच्या इंजिनाची मापं वेगळी असतील, पण गणित हेच. पिस्टनचं क्षेत्रफळ, उचल, उंचवटे, फेरे.

उपाय म्हणून १० मिमी पिस्टनचा पंप. क्षेत्रफळ वर्गात वाढतं, म्हणून एका मिलिमीटरने २३ टक्के जास्त मिळतं, म्हणजे १७९ लिटर. याची किंमत कॅम मोजतो. ३५० बारला ९ मिमीच्या पिस्टनवर सुमारे २२७ किलोचा भार येतो, १० मिमीवर २८०. तो सगळा रोलर टॅपेटमधून (पंप आणि कॅम यांच्यामधला भाग) कॅमच्या उंचवट्यावर जातो. म्हणून नवा टॅपेट घाला, बसवताना इंजिन ऑइल चोपडा, आणि शंभर किलोमीटरइतकं चालल्यावर एकदा उघडून उंचवट्यावर नख फिरवून बघा. नख अडलं तर थांबा.

पंप १३ जानेवारीला परदेशातून मागवला. वैयक्तिक वापरासाठी आयईसी (आयात-निर्यात कोड) लागत नाही, पण कुरिअर कंपनी केवायसी मागते: आधार, पॅन आणि पत्ता, तिन्हीवर नाव अक्षरशः सारखं. आमचं मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे आद्याक्षर होतं, त्यात चार दिवस गेले. बिलावर नुसतं ‘कार पार्ट’ लिहिलेलं असेल तर विचारणा येते. विकणाऱ्याला आधीच सांगून बिलावर ‘इंजिनाचा इंधन पंप’ आणि ८४१३ ३० हा कोड घालून घ्या. पंप १,१८,००० चा, ड्युटी, कर आणि कुरिअर मिळून आणखी ४७,०००. ३ फेब्रुवारीला खोकं हातात आलं.

मध्येच एक अडचण उभी राहिली. १ फेब्रुवारीला ई४० वरच कमी दाब पुन्हा ४.६ वर आलेला दिसला. वायरिंग तपासलं, व्होल्ट ठीक. टाकी उघडली. पंप आणि झाकण यांच्यामधली बोटभर लांबीची रबरी नळी बाहेर काढली. पंप बसवताना गॅरेजने घातलेली ती नळी वरून इंधनाचीच दिसत होती. पण ती टाकीच्या बाहेर वापरायची, आतून इंधन जाईल अशी बनवलेली होती. इथे ती आतून-बाहेरून चोवीस तास इथेनॉलमध्ये बुडालेली. चार आठवड्यांत फुगली होती. अंगठ्याने दाबली तर खळगा तसाच राहायचा, आणि क्लिपच्या काठाला केसाएवढी चीर होती. पंपाने ढकललेलं इंधन त्या चिरेतून परत टाकीतच पडत होतं. टाकीत बुडणाऱ्या नळीवर एसएई जे३०आर१० छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नळी घेऊ नका. नाना पेठेत विचारलं तर दोन-तीन दुकानांनंतर मिळते. बाहेरच्या लाइनला आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर हवं, ओ-रिंग एफकेएम रबराच्या. त्याच वेळी फिल्टरही कापून बघितला. इथेनॉलने टाकीतला जुना थर सोडवला होता, कागद तपकिरी झाला होता. पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलणं यादीतच धरा.

१ मार्चला हाय प्रेशर पंप बसवला. रेलमध्ये ३५० बार असतात, तेवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीच्या आत शिरते. इंजिन थंड, कमी दाबाच्या पंपाचा फ्यूज काढलेला, स्कॅनरवर रेलचं प्रेशर शून्याजवळ, हे तिन्ही झाल्याशिवाय पाना लावू नका. पंप बसवताना क्रँक हाताने फिरवून कॅमचा सखल भाग टॅपेटखाली आणायचा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने पंप तिरका चढतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. स्टीलची हाय प्रेशर नळी पुन्हा वापरायची नाही. तिचं तोंड एकदा दाबून बसलेलं असतं, दुसऱ्यांदा तसंच बसेल याची खात्री नाही. नळ्या आणि सील १९,००० रुपये. इंजिन सुरू करून दहा मिनिटं टॉर्चने प्रत्येक जोड बघितला, मग बंद करून तासाभराने पुन्हा.

धुळवडीनंतर, २२ मार्चला ई६०. रेल ३४५, व्हॉल्व्हच्या हुकमात ढील, कमी दाब ५.३. सगळं हवं तसं. आणि इंजेक्शनचा वेळ ५.३ मिलिसेकंद.

हे तिसरं दार, आणि डायरेक्ट इंजेक्शनचं सगळ्यांत मूळचं बंधन. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरला क्रँकचे जवळजवळ सगळे ७२० अंश मिळतात. ६,५०० फेऱ्यांना ते १८ मिलिसेकंदांहून जास्त होतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पिस्टन वर असताना फवारलं तर थेट त्याच्या माथ्यावर पडतं, आणि दाबाच्या फेरीत उशिरापर्यंत फवारलं तर मिसळायला वेळ उरत नाही. चांगले असे साधारण २०० अंशच मिळतात. ६,५०० फेऱ्यांना एक अंश म्हणजे ०.०२५६ मिलिसेकंद, २०० अंश म्हणजे ५.१. याच वेळात प्रत्येक सिलिंडरला ई२० चे ११४ घन मिमी लागतात, ई६० चे १३३, ई८५ चे १५१. आमच्या इंजेक्टरला ई८५ साठी ५.८ मिलिसेकंद लागतील. पंप कितीही मोठा केला तरी हे बदलत नाही. प्रेशर वाढवून फारसं साधत नाही, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो. दहा टक्के प्रेशर वाढवलं तर इंधन पाच टक्केच वाढतं, आणि कॅमवरचा भार मात्र पूर्ण दहा टक्के. उलट, रेल ३५० वरून २८० वर पडली की इंजेक्टरला तेवढंच इंधन द्यायला बारा टक्के जास्त वेळ लागतो. म्हणूनच पंप कमी पडला की इंजेक्शनही उशिरापर्यंत ताणलं जातं.

५.३ वर गाडी धावली. चाकांवर ३७९. पण ताकद बघून खूश होण्याआधी डिपस्टिक काढली. ऑइलची पातळी वर गेली होती आणि नाकाला सणसणीत वास आला. उशिरापर्यंत फवारलेलं इथेनॉल सिलिंडरच्या भिंतीवर चिकटतं, रिंगा ते खरवडून ऑइलमध्ये नेतात. नमुना प्रयोगशाळेत दिला, ३,२०० रुपये आणि सहा दिवस. अहवालात चिकटपणा खाली आलेला होता. याला पळवाट नाही. ऑइल १०० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास चालवलं तर इथेनॉल उडतं, ते ७८ अंशांना उकळतं. पण प्रत्येक धावेत नव्याने पडतच राहणार असेल तर बेअरिंगला कमकुवत ऑइलच मिळणार.

म्हणून ५ एप्रिलला मागे आलो. ई५०, १२७ घन मिमी, ४.९५ मिलिसेकंद, इंजेक्शन हव्या त्या कोनाला संपतं. चाकांवर ३७६. ई६० पेक्षा तीन कमी, आणि ऑइलचा पुढचा नमुना स्वच्छ आला. इंजेक्शनला ५.० मिलिसेकंदांची मर्यादा आणि रेल ३२० च्या खाली गेली की बूस्ट कमी, हे दोन पहारे मॅपमध्ये टाकले. कमी दाब ४.५ च्या खाली गेला तरी तसंच. हे तीन पहारे नसतील तर तो मॅप स्वीकारू नका, ट्यूनर कितीही ओळखीचा असो.

२६ एप्रिलला मुद्दाम दुपारी दोनला डायनो ठेवला. बाहेर ३९ अंश. गरम इंधनात बुडबुडे लवकर होतात, आणि डिसेंबरच्या सकाळी पास झालेली यंत्रणा एप्रिलच्या दुपारी पास होईलच असं नाही. सलग पाच धावा घेतल्या. पाचव्या धावेत कमी दाब ५.१, रेल ३४०. तेव्हा कुठे हायसं वाटलं.

ई८५ हवंच असेल त्यांच्यासाठी वाट आहे: मॅनिफोल्डमध्ये सहा वेगळे पोर्ट इंजेक्टर, वेगळी रेल, वेगळा कंट्रोलर. डायरेक्ट इंजेक्शनने १३३ लिटर दिले तर उरलेले ४३ लिटर पोर्टने द्यायचे. प्रत्येकी मिनिटाला १२० मिली, म्हणजे ५५० मिलीच्या इंजेक्टरला जेमतेम २२ टक्के काम. टाकीतल्या पंपाने मात्र दोन्हींना मिळून १७६ लिटर पुरवायला हवेत. मॅनिफोल्डचं वेल्डिंग आणि मशिनिंग भोसरीत उत्तम होतं. आम्हाला ३७६ पुरेसे आहेत, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

सगळा खर्च: डायनोची सहा सत्रं ५४,०००, फ्लॅटबेड २४,५००, ट्यूनर ८०,०००, चार वेळा ऑइल ५२,०००, ऑइलच्या चार तपासण्या १२,८००, इंधन २२,०००, आणि वर आलेले भाग धरून जवळपास चार लाख नव्वद हजार. यातला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला खर्च म्हणजे पहिलं, ‘काहीच न बदलता’ केलेलं ९,००० चं सत्र.

२०२५ मध्ये पाऊस मेमध्येच आला. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार होती आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसतं आणि पंपाला फक्त तेच मिळतं. म्हणून सेन्सरजवळच्या जोडातून टाकी धातूच्या डब्यांत दोन हप्त्यांत रिकामी केली, पंपावरचं ताजं पेट्रोल काठोकाठ भरलं, म्हणजे टाकीत दमट हवेला जागा उरली नाही. मॅप जुना लावला आणि ऑइल तापेपर्यंत इंजिन चालवलं. मीटरवर आकडा ९८ वरून हळूहळू उतरत ६८ हर्ट्झवर आला, मग बॅटरीची तार काढली.